शाळेची सूचना आणि घरचे पंचांग

पोळा सरला की प्राथमिक शाळेतून घरी येणाऱ्या सूचनांची गर्दी सुरू होते. तान्ह्या पोळ्याची सुट्टी, महालक्ष्म्यांची सुट्टी, ५ सप्टेंबरचा शिक्षक दिन, चाचणीचे वेळापत्रक, पोषण माहातला पाककृतींचा कार्यक्रम, शिष्यवृत्तीसाठी आधार कार्ड आणि पासबुकाची झेरॉक्स, पालकसभा, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, सत्र परीक्षा, आणि शेवटी दिवाळीच्या सुट्ट्यांच्या तारखा. नागपूरहून अमरावतीकडे निघालेल्या रस्त्यावरच्या वाडीत, म्हणजे अलीकडेपर्यंत ग्रामपंचायत असलेल्या आणि आता नगरपरिषद झालेल्या या गावात, भादवा आणि आश्विन हे दोन महिने अशा चिठ्ठ्याचपाट्यांचेच असतात. किरकोळ बाब म्हणून या सूचनांकडे कोणी इतिहासाच्या नजरेने पाहत नाही. शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण कायदे, संस्थापक आणि इमारती मोजतो. पण गेल्या दीडशे वर्षांत शाळा घराशी कशी बोलली, याचा सगळ्यात खरा पुरावा या किरकोळ सूचनांतच आहे. सूचना कोणाच्या नावे निघते, यावरून शाळा कोणाची आहे हे कळते. तो पत्ता आजवर चार-पाच वेळा बदलला आहे. दर बदलात मुलांचे शाळेत टिकणे किंवा गळणे त्या पत्त्याशी बांधलेले दिसते.

सुरुवातीला घर हा पत्ता नव्हताच. १८५४ मध्ये नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला आणि पुढच्याच वर्षी त्याचे शिक्षण खाते सुरू झाले. त्या खात्याच्या शाळेतून निघणारा कागद वरच्या दिशेने जायचा. हजेरीपट, दाखलखारीज, तपासणीसाचा शेरा, अनुदानाचा तक्ता, सगळे साहेबासाठी. दाखलखारीज हा शब्द विदर्भातल्या शाळांत अजून रोजच्या वापरात आहे. मूल पटावर आले की दाखल, गेले की खारीज. मधल्या काळात त्याच्या घरी काय चालले होते, हे लिहायला त्या वहीत रकाना नाही. घरापर्यंत शाळेचा निरोप पोहोचायचा तो दवंडीने किंवा मास्तरांच्या पायांनी. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके याच दुराव्यावर बोट ठेवले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, निदान बाराव्या वर्षापर्यंत, असे त्यांनी सांगितलेच. पण शिक्षक शेतकरी समाजातले असावेत, अभ्यासक्रमात शेती आणि आरोग्य असावे, मागास जातींच्या मुलांना शाळेकडे ओढणारी उत्तेजने असावीत, अशाही मागण्या केल्या. शाळा घराची भाषा बोलत नाही तोवर घर शाळेला ओळखणार नाही, हा त्या मागण्यांमागचा धागा आहे. फुल्यांचे ऐकून असो वा अनुभवाने असो, मध्य प्रांताच्या खात्याला पुढे खेड्यांत अर्धवेळ शाळांची पद्धत स्वीकारावी लागली. मुलाने सकाळी शाळेत यावे आणि उरलेला दिवस शेतावर किंवा गुरांमागे घालवावा, अशी ती व्यवस्था होती. तो उदारपणा नव्हता. मुले येत नव्हती म्हणून केलेली ती तडजोड होती. पण घराच्या दिवसाला सरकारी वेळापत्रकात जागा मिळण्याची आपल्या भागातली ही जुनी खूण आहे आणि तिला इतिहासात फारच कमी मान मिळाला आहे.

पुढे सक्तीचा काळ आला आणि सूचनेचा पत्ता बदलला. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ मध्ये ते संस्थानभर नेले. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात तशाच आशयाचे विधेयक मांडले. ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. मध्य प्रांताचा प्राथमिक शिक्षण कायदा १९२० चा. त्याने स्थानिक संस्थांना आपापल्या हद्दीत सक्ती लागू करण्याची मुभा दिली. या सगळ्या प्रयत्नांमागची तळमळ निर्विवाद आहे. शाहू महाराजांच्या दंडामागे पोटतिडीक होती आणि तिच्यामुळे हजारो मुलांच्या हाती पाटी आली. पण सूचनेच्या दृष्टीने पाहिले तर या काळात घराला शाळेचा पहिला लेखी कागद मिळाला तो कसूर करणारा म्हणून. तुमचे मूल गैरहजर आहे, अमुक दिवसांत कारण दाखवा, नाहीतर दंड. बापाच्या हाती पडलेले शाळेचे पहिले अक्षर त्याच्या गुन्ह्याविषयी असेल, तर शाळा आणि कचेरी यांत त्याने फरक का करावा?

एवढ्याने भागले असते तर तक्रार नव्हती. भागले नाही, हे आकडे सांगतात. १९२९ च्या हार्टॉग समितीने ब्रिटिश हिंदुस्थानाची जी नोंद केली ती आजही वाचताना अस्वस्थ करते: १९२२-२३ मध्ये पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांमागे १९२५-२६ मध्ये चौथीत उरली अवघी अठरा. शाळेत आणणे आणि शाळेत टिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम कायदा करू शकतो, दुसऱ्यासाठी मूल कोणत्या दिवशी का आले नाही हे ठाऊक असावे लागते. ब्याऐंशी मुले गेली त्याला गरिबी, रोगराई, जात, एकशिक्षकी शाळा, नापासीचा धाक अशी अनेक कारणे होती; ती सगळी सूचनेच्या माथी मारणे चूक ठरेल. पण यांतले प्रत्येक कारण घरात आधी दिसते आणि हजेरीपटात नंतर. घराकडून शाळेकडे निरोप येण्याची वाटच नव्हती, म्हणून शाळेला ते दिसले तेव्हा मूल खारीज झालेले असायचे.

विदर्भात शाळा आणि घर यांच्यातला हा सामना शरदात सर्वांत तीव्र का होतो, हे समजायला इथले वर्ष पाहावे लागते. उर्वरित महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर भरतात; विदर्भात उन्हामुळे त्या महिन्याच्या अखेरीकडे किंवा जुलै लागता लागता. दिवाळी मात्र सगळ्यांची एकाच दिवशी. म्हणजे इथले पहिले सत्र मुळातच आठवडा-पंधरवड्याने आखूड, आणि जे काही घ्यायचे ते सगळे भादव्या-आश्विनात कोंबले जाते. त्याच वेळी घराचे पंचांग भरून वाहत असते. पोळा, दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि नागपुरातली मारबत, गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्ष. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई. शेतात सोयाबीन काढणीला येते, कपाशी फुटू लागते, सीतादहीची पूजा होऊन वेचणी सुरू होते, आणि वेचणीला लहान हातांची मागणी असते. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसे येतात. १९५६ मध्ये १४ ऑक्टोबरला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथे धम्मदीक्षा घेतली आणि दिली, त्या दिवसापासून नागपूर परिसरातल्या असंख्य घरांत आश्विनातला सगळ्यात मोठा दिवस तोच आहे. गावाकडचे पाहुणे आठवडाभर आधी येऊन उतरतात. या महिन्यांत शाळेची सूचना घराचे हे पंचांग न पाहता निघाली, तर ती तारखेने बरोबर असूनही निष्फळ ठरते. उलट पाहिले तर उन्हाच्या बाबतीत राज्याने विदर्भाचे वेगळेपण केव्हाच मान्य केले आहे. शाळेची घंटा हवामान ऐकू शकते, तर सुगी आणि सणही ऐकू शकते.

यावर शिक्षकांचा सरळ आणि वजनदार आक्षेप आहे. घराच्या प्रत्येक सणाला, प्रत्येक सुगीला मान द्यायचा तर शिकवायचे कधी? शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस घालून दिले आहेत. त्यांतले दिवस असेच कातरत गेले तर नुकसान त्या गरीब मुलाचेच, ज्याला शिकवणी लावता येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचा निष्कर्ष मान्य नाही. घराचे ऐकणे म्हणजे घर मागेल तेव्हा सुट्टी देणे नव्हे. चाचणी महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी ठेवायची की चार दिवसांनी, पालकसभा वेचणीच्या दिवसांत दुपारी बाराला घ्यायची की संध्याकाळी, झेरॉक्स मागायची ती दोन दिवस आधी की पगार झाल्यावर, या निवडींत एकही शैक्षणिक दिवस खर्च होत नाही. जुन्या अर्धवेळ शाळेने निम्मा दिवस सोडून दिला, कारण तिच्याकडे दुसरा मार्ग नव्हता. आजच्या शाळेकडे मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या मोजक्या सुट्ट्या आहेत, तारखा पुढेमागे करण्याची मोकळीक आहे. आणि सुट्टी जाहीर न करता अर्धा वर्ग रिकामा असला, तर तो दिवस शिकवण्याचा म्हणून मोजला जातो खरा, पण ज्यांना त्याची गरज होती ती मुले वर्गात नसतात.

पुन्हा सक्तीच्या काळाकडे वळले तर, सूचनेला माणसाचा आवाज आला तो सरकारी खात्यातून नव्हे. वाडीवरून जाणाऱ्या याच अमरावती रस्त्याच्या पट्ट्यात गाडगे महाराज गावोगाव कीर्तनांतून मुलांना शिकवा म्हणून कळवळून सांगत होते. मोझरीच्या गुरुकुंजातून तुकडोजी महाराज खंजिरीवर तेच सांगत होते. दंडाच्या नोटिशीत आणि या हाकेत मोठा फरक आहे. नोटीस बापाला कसूरदार मानते, कीर्तन त्याला मुलाचा कैवारी मानते. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि हाताच्या कामातून शिक्षणाचा विचार पुढे आला. मध्य प्रांताच्या रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना मांडली, तीत गावाने दिलेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी अशी कल्पना होती. योजना फार फोफावली नाही, तिच्या नावावरूनही वाद झाला. तरी गावाला शाळेच्या खर्चात आणि म्हणून तिच्या बोलण्यात वाटेकरी करण्याचा तो प्रयत्न होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये स्थानिक कारभारासाठी जनपद सभा आल्या, आणि महाराष्ट्र झाल्यावर १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा. कागदाच्या माथ्यावरचे नाव बदलत गेले. शाळा मात्र खेडोपाडी पोहोचत गेली आणि तिच्याबरोबर एक साधी पद्धत पोहोचली, जिचे मोल मला फार मोठे वाटते.

ती पद्धत सगळ्यांच्या परिचयाची आहे. शिपाई सूचनेची वही घेऊन वर्गावर्गांतून फिरतो, गुरुजी किंवा बाई ती वाचून सही करतात, फळ्यावर मजकूर लिहितात, मुले तो आपल्या वहीत उतरवून घेतात, घरी दाखवतात आणि खाली पालकाची सही आणतात. आक्षेप असा की जिथे आईबाप निरक्षर होते तिथे ही सूचना नुसतीच औपचारिकता होती. अंगठा उठवायचा आणि मोकळे व्हायचे. मला नेमके उलटे दिसते. आईबाप निरक्षर होते म्हणूनच ती सूचना मुलाला मोठ्याने वाचून दाखवावी लागे. घरात आलेले सरकारी अक्षर वाचणारे ते पहिले माणूस आठ-नऊ वर्षांचे असे. पाटीवर गिरवलेल्या अक्षराला घरात काम मिळे, आणि शाळेत जाऊन पोर काय शिकते याचा पुरावा बापाला प्रगतिपुस्तकाच्या आधी त्या वाचण्यातून मिळे. वाचताना मूल चुकत असे, कधी सोयीची ओळ गाळतही असेल. पण सूचनेचा पत्ता आता साहेबही नव्हता आणि कसूरदारही नव्हता. तो मुलाच्या हातून घराकडे जाणारा होता. आणि उत्तरही त्याच हाताने परत यायचे: आई म्हणते उद्या येता येणार नाही, ती कामाला जाते. दाखलखारीजमध्ये नसलेला रकाना असा तोंडी भरला जाई.

वाडीचा पुढचा इतिहास या पद्धतीची परीक्षा पाहणारा आहे. साठच्या दशकात शेजारी अंबाझरीचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहिला, हिंगण्याची औद्योगिक वसाहत वाढली, आणि अमरावती रस्त्याला ट्रान्सपोर्टची कार्यालये, गोदामे, गॅरेज लागली. देशाच्या कानाकोपऱ्यातले कामगार आणि चालक इथे आले. केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरदारांसाठी १९६३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्यालयांपैकी एक या कारखान्याच्या परिसरात आहे. त्याला दसऱ्याच्या आसपास दहाएक दिवसांची शरदाची सुट्टी असते. जिल्हा परिषदेच्या आणि राज्याच्या शाळांना मोठी सुट्टी दिवाळीची. एकाच रस्त्यावरच्या दोन घरांतली मुले त्यामुळे वेगवेगळ्या आठवड्यांत रिकामी असतात. सुट्टी निसर्गाने ठरवून दिलेली नसते. कोणाचे घर डोळ्यांपुढे ठेवून वर्ष आखले, यावर ती ठरते. भाषेचेही तेच. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा मराठी-हिंदीचा जोडप्रांत होता आणि वाडीच्या घरांत ती जोड अजून आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाच्या आईला मराठी वाचता येत नसेल, तर छापील पत्रकापेक्षा वाचून दाखवणारे मूल अधिक उपयोगाचे ठरते, कारण ते वाचता वाचता भाषांतरही करते.

नव्वदच्या दशकात सूचनेत आणखी एक गोष्ट शिरली, ती म्हणजे हक्क. १५ ऑगस्ट १९९५ ला पोषण आहाराचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिना ३ किलो धान्य मिळू लागले. पिशवी घेऊन या, ही त्या वर्षांची सगळ्यात नेमाने पाळली गेलेली सूचना असावी. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला, तेव्हा पिशवीच्या जागी ताट आले. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याने सक्ती या शब्दाचा रोखच फिरवला: १९२० मध्ये सक्ती पालकावर होती, आता ती प्रामुख्याने शासनावर आली. शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घ्याव्यात, मुलाची हजेरी, आकलन आणि प्रगती त्यांना सांगावी, हे कलम २४ ने कर्तव्य ठरवले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला, हे कलम २१ ने सांगितले. ज्या सूचनेने एकेकाळी दंड मागितला ती आता हिशेब देण्यास बांधली गेली. समित्या अनेक ठिकाणी सह्यांपुरत्या राहतात, हे खरे. पण कागदावरचा हक्क मागता येतो आणि न लिहिलेला मागता येत नाही, एवढा फरक त्या कलमांनी केला आहे.

आणि मग फोन आला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, राज्याने शाळा बंद पण शिक्षण सुरू असे म्हटले, आणि वर्गावर्गाचे व्हॉट्सॲप गट तयार झाले. लहान वर्ग डिसेंबर २०२१ पासून पुन्हा भरू लागले, गट मात्र राहिले. त्यांचे फायदे नाकारण्यात अर्थ नाही. वही हरवत नाही, पावसाने सुट्टी जाहीर झाली तर पहाटे कळते, आजारी मुलालाही वेळापत्रक मिळते. शिक्षकाचा फळ्यावर लिहिण्याचा वेळ वाचतो. पण पत्ता पुन्हा बदलला आहे आणि या वेळी तो कोणी ठरवून बदललेला नाही. सूचना आता ज्याच्या खिशात फोन आहे त्याच्याकडे जाते. वाडीसारख्या गावात तो फोन घेऊन घरधनी ट्रकवर तीन दिवस बाहेर असू शकतो, किंवा जिथे फोन आत नेता येत नाही अशा पाळीवर असू शकतो. गट बहुधा एकतर्फी असतो. उत्तराच्या जागी अंगठ्याचे चिन्ह उमटते, निरक्षर बापाच्या जुन्या अंगठ्यासारखेच, फक्त त्यामागे वाचणारे मूल नसते. मुलाच्या हातून निरोप काढून घेतला, तेव्हा त्याचे वाचन आणि घराचा उलट निरोप दोन्ही गेले. यावर उपाय फोन टाकणे हा नाही. पहाटेच्या सुट्टीसाठी फोन आणि पालकसभेसाठी, चाचणीसाठी, झेरॉक्ससाठी पुन्हा फळा, वही आणि सही, एवढी वाटणी कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येईल. त्यासाठी ना अनुदान लागते ना शासन निर्णय.

राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या नावात, वडिलांच्या नावाआधी, आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले आहे. ती मुले २०३० च्या उन्हाळ्यानंतर पहिलीत येतील आणि वाडीच्या शाळांच्या दाखलखारीज रजिस्टरात त्यांच्या नावामागे आईचे नाव प्रथम उमटेल. त्याच ओळीत पुढे एक रकाना असेल, शाळेने सूचना कोणाच्या फोनवर पाठवायची तो. पोळ्याच्या आधी तो भरून घ्यावा लागेल.